दाभण

उदगीरच्या मोंढ्यात तुरीचा शेवटचा काटा झाला,
आडतीचं शटर अर्ध्यावर आलं,
तेव्हा मी वही मिटली, काठी मागच्या सीटवर टाकली
आणि गाडी सुरू केली.
सुरू झाली. एसीसुद्धा लागला.
फक्त दांडा पी वरून हलंना.

ब्रेक दाबला, खटका दाबला, ओढला.
बंद करून पुन्हा चालू केली.
अंगठा पांढरा पडला,
दांडा मानपान चुकलेल्या व्याह्यासारखा
ताठ.

डावा पाय लहानपणीच्या तापात गेला,
म्हणून ही दोन पायडलांची गाडी,
बीदरच्या एका डॉक्टरनं वापरून विकलेली.
आणली तेव्हा मोंढा हसला होता:
मुनीमबाई, गाडी हाय का शिलाई मशीन?

हसणारेच आता गोळा झाले.
मल्लिनाथ म्हणाला, न्यूट्रल करा, ढकलतो.
म्हटलं, न्यूट्रल झाली असती
तर तुझी गरज कशाला लागली असती बाबा?
तरी चौघांनी खांदा लावला.
एकाची चप्पल तेवढी तुटली.
कुणी म्हणालं तेल संपलं, कुणी म्हणालं नजर,
लिंबू आणायला एक पोरगं पळालंसुद्धा.
मागं भरलेला ट्रक, हैदराबादचा,
हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला.

इलियासभाई आले, टोपी खिशात घालत.
बॉनेट उघडलं नाही, दांड्याला हात लावला नाही.
गाडीच्या मागं जाऊन उभे राहिले.
"ब्रेक मारो, बाजी."
मारला.
"मारो ना."
मारलाय की!
"नै. तुम मारे, गाडीकू मालूमच नै.
पीछे लाल नै जलरा.
तुम ठैरे बोलके उसकू यकीन होना,
तबच निकलने देती वो."

मी उजव्या पायावर सगळं अंग टाकून बसले होते.
एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत,
माझ्याइतकं थांबलेलं या मोंढ्यात दुसरं कोण?
पण मागून दिसलं पाहिजे म्हणे.

स्टेअरिंगखाली मोबाइलच्या उजेडात फ्यूज सापडला,
दहाचा, आत केसाएवढी तार तुटलेली.
डिकीतली वायर उंदरानं सोललेली,
तुरीच्या वासानं आला असेल.
नवा फ्यूज दुकानात, दुकानाची चावी लेकाकडं,
लेक जळकोटला वरातीत.
ट्रक ओरडतच होता.

"पहिले हँडब्रेक खींचो," इलियासभाई म्हणाले.
दांड्याशेजारी नखाएवढं झाकण,
मी आजवर ते डाग समजून पुसत आले.
ते उचकटलं. आत काळोख, बारीक भोक.
"कुछ पतला होना. लंबा."
स्क्रूड्रायव्हर जाईना, पेन वाकलं,
माझी केसाची पिन तर आतच पडता पडता वाचली.

तेव्हा पोत्यांच्या थप्पीमागून कोंडाबाई आली.
माझ्या वहीत ती रोज असते:
बारदाना शिलाई, नग एवढे, रक्कम एवढी.
हाताएवढं दाभण, सुतळी ओवलेली तशीच,
काही न बोलता खिडकीतून आत दिलं.

टोक भोकात दाबलं, ब्रेक दाबला, दांडा ओढला.
टक्.
एवढासाच आवाज. 
दांडा एनवर, सुतळी माझ्या मांडीवर लोंबत.
हँडब्रेक सोडला, चौघांनी बाजूला ढकलली.
ट्रक गेला, जाताना शिवी देऊन.

मग वायरीला चिकटपट्टी, आणि ब्रेकच्या जागी
रेडिओचा दहाचा फ्यूज काढून लावला.
पुन्हा मागं गेले. "मारो."
मारला.
"हां. अब दिखरा."
लिंबू घेऊन पोरगं तेव्हा पोचलं.
ते त्यानं मलाच दिलं.

घरी मुकाट गेले, रेडिओ नव्हता.
दर सिग्नलला आरशात मागच्या गाडीचं
तोंड लाल झालेलं बघत.

सकाळी दाभण द्यायला थप्पीपर्यंत गेले, काठी टेकत.
तिथवर मी कधी गेले नव्हते.
एक पोतं उघडंच होतं, तोंडाशी तूर सांडलेली.
कोंडाबाई म्हणाली, कालचे एकशे नऊच झाले, बाई.
मी खुर्चीत येऊन वही उघडली
आणि एकशे दहा लिहिले.